एमएक्सआर एम८२ बेस एन्व्हलप फिल्टर: तळ न गमावता वॉव

बेस गिटारवर फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग कापणारं पेडल, लावायचा म्हटलं की पहिली भीती एकच, तळ, म्हणजे खालचा जाड आवाज, जाईल. माझ्याबाबतीत तसंच झालं. आधी मित्राचं गिटारवालं ऑटो-वा, म्हणजे वाजवण्याच्या जोरावर आपोआप वॉव करणारं पेडल, लावून बघितलं, घरी एकट्याने वाजवताना काय भारी वाटत होतं, पण प्रॅक्टिसला दुसऱ्याच गाण्यात ड्रमर थांबला आणि म्हणाला, अरे बेस कुठे गेला? लो ई तार वाजते ४१ हर्ट्झच्या आसपास, फिल्टरने तेवढंच खाल्लं तर बँडमध्ये आपण असून नसल्यासारखे.

एमएक्सआर कंपनीचं एम८२ हे बेससाठीचं फिल्टर पेडल मी घेतलं ते ड्राय आणि एफएक्स या दोन वेगळ्या नॉबसाठी. ड्रायमधून बेसचा मूळ आवाज जसाच्या तसा येतो आणि फिल्टर त्याच्यावर हवा तेवढा ओतायचा. मी ड्राय अर्ध्याच्या जरा वर ठेवतो, तळ जागच्या जागी राहतो आणि वरून वॉव बोलतो.

आता खरी मजा सेन्स नॉबची. बोट जेवढं जोरात पडेल तेवढा फिल्टर उघडतो, सूर विरत गेला की मिटतो. तोंडाने ऊ म्हणत म्हणत आ पर्यंत या, अगदी तसंच. सेन्स फार वाढवला तर हळू वाजवलं तरी फिल्टर सताड उघडा, मग सगळे सूर सारखेच. माझा बेस ॲक्टिव्ह आहे, म्हणजे आतच बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प आहे, आउटपुट तगडा, म्हणून मी सेन्स कमी ठेवून नेकजवळ (बेसच्या मानेकडे) हलकं वाजवतो, तिथे नुसतं ऊं ऊं होतं, आणि ब्रिजकडे (तारा जिथे खाली अडकवतात तिकडे) सरकून एक तार कचकन ओढली की एकदम क्व्याक! यासाठी बोटांवर ताबा लागतो, पहिले दोन आठवडे माझे सूर खालीवर होत होते पण त्यामुळे हात सुधारला हे मनापासून सांगतो.

फिल्टर किती टोकदार ते ठरवणारा क्यू नॉब जपून वाढवा, एखादाच सूर असा उसळतो की स्पीकरची काळजी वाटते. म्हणून कंप्रेसर, म्हणजे हळू-जोरातला फरक कमी करणारं पेडल, फिल्टरच्या नंतर लावा. आधी लावलात तर तो जोर सपाट करून टाकणार, मग फिल्टरला कळणार कसं की तुम्ही हळू वाजवलं की जोरात? आवाज खरखरीत करणारा फझ मात्र आधी, त्याने हार्मोनिक्स, म्हणजे सुरातले वरचे उपस्वर, वाढतात आणि फिल्टरला कापायला काहीतरी मिळतं. जुन्या मेलेल्या तारांवर इफेक्ट फिका वाटतो तोही हार्मोनिक्स कमी पडल्याने, पेडलला दोष देण्याआधी तारा बदलून बघा.

फंक बेसवादक बूट्सी कॉलिन्सचा, म्यू-ट्रॉन या जुन्या फिल्टर पेडलवाला लिबलिबीत फंक हवा असेल तर हा आवाज तसा नाही, जरा जास्त आटोपशीर आहे. मला बँडमध्ये हाच जास्त उपयोगी पडतो. डिके नॉब सोळाव्या मात्रांच्या (एका ठोक्यात चार सूर) वेगवान लाइनला कमी ठेवा, नाहीतर फिल्टर मिटायच्या आत पुढचा सूर येतो आणि नुसता गिचका होतो.