क्रोशेचं साधं दुपटं: नाशिकच्या थंडीपासून ठाण्याच्या पावसापर्यंत

भाची जानेवारीत झाली, वहिनीच्या माहेरी नाशिकला. आत्याकडून बाळंतविड्यात मी क्रोशेची दोन दुपटी दिली, एक अ‍ॅक्रिलिक लोकरीचं आणि एक सुती. नमुना तोच, माप तेच, सुईही तीच. एप्रिलमध्ये वहिनी बाळाला घेऊन ठाण्याला आली. तेव्हापासून दोन्ही दुपटी घरात रोज वापरली, धुतली, चावली आणि ओढली जाताना मी बघते आहे. आता पावसाळाही सरला. पहिलंच क्रोशे बाळासाठी करायला घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मुंबई-ठाणे-कोकणात राहत असाल तर डोळे झाकून सूत घ्या. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, विणायला हलकं जातं आणि रंगही भरपूर मिळतात, पण ते थंडीचं काम आहे.

नमुना अगदी साधा, सगळं दुपटं अर्ध्या खांबाचं. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा, म्हणजे सुईवर तीन फास होतात. मग पुन्हा दोरा घेऊन तिन्हींतून एकदम बाहेर. बस्स, एवढंच शेवटपर्यंत. मुका खांब याहून घट्ट बसतो, पण उंची फार सावकाश वाढते आणि नवशिकी मुलगी अर्ध्यावर कंटाळते. पूर्ण खांब भराभर वाढतो, पण मधे फटी राहतात. शेजारच्या काकूंनी दिलेलं जाळीदार दुपटं दिसायला फार सुंदर आहे, पण त्याच्या भोकात भाचीच्या पायाचं बोट अडकलं आणि ते सोडवताना सगळ्यांची तारांबळ उडाली. तेव्हापासून ते घडी घालून कपाटात आहे. तान्ह्या बाळासाठी वीण भरीवच हवी. गोंडे, मणी, बटणं यांतलं काहीही लावू नका, आणि केस सुटणारी मोहेरसारखी लोकर तर नकोच.

माप साधारण ७५ बाय ९० सेंटीमीटर. मध्यम जाडीचा दोरा आणि ४ मिमीची सुई घेतली तर माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये १५ अर्धे खांब बसतात, म्हणून ११२ टाके धरले. त्यासाठी ११४ साखळ्या घालायच्या आणि सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घ्यायचा. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर आकडा बदलेल. त्यामुळे आधी हातभर लांबी-रुंदीचा नाही, पण वीतभर तुकडा विणून मोजाच. पहिली साखळी एक नंबर मोठ्या सुईने घाला. ती आवळली गेली तर खालची कड आत ओढली जाते आणि दुपटं खाली अरुंद, वर रुंद होतं.

नवशिक्यांची खरी परीक्षा कडेला असते. ओळ संपली की दोन साखळ्या घालून वळायचं, या दोन साखळ्या खांब म्हणून धरायच्या नाहीत आणि पहिला अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात घ्यायचा. पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला छोटी सेफ्टी पिन अडकवा आणि दर ओळीला ती वर सरकवत न्या. पिन दिसली की शेवटचा टाका सुटत नाही, आणि टाके ११२ चे ११२ राहतात. दुपटं पूर्ण झाल्यावर मात्र सगळ्या पिना मोजून काढून घ्या.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजी नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' (म्हणजे आपला मुका खांब) असा शब्द आला तर तो नमुना अमेरिकन पद्धतीचा. ब्रिटिश पद्धतीत त्याच टाक्याला 'डबल क्रोशे' म्हणतात. हे कळलं नाही तर नमुना बरोबर असूनही काम भलतंच निघतं.

आता वापराबद्दल. अ‍ॅक्रिलिकचं दुपटं नाशिकच्या थंडीत फार उपयोगी पडलं. मांडीवर बाळ घेऊन बसलं की वहिनी तेच ओढून घ्यायची. वजनाला हलकं, मशीनमध्ये धुतलं की दुपारपर्यंत वाळतं. एप्रिलमध्ये ठाण्यात मात्र चित्र पालटलं. त्यात गुंडाळलेल्या बाळाची मान आणि पाठ घामाने ओली व्हायची, दूध सांडलं तर ते टिपलं न जाता वरच पसरायचं. महिन्याभरात ते बाजूला पडलं. घासलं जातं त्या जागी बारीक गोळेही धरले आहेत. आणि एकदा वहिनीच्या आईंनी चुरगळलेला कोपरा इस्त्रीखाली धरला, तर तेवढा भाग चपटा, लुळा आणि चमकदार झाला. धुऊनही पुन्हा फुलला नाही. उष्णतेने अ‍ॅक्रिलिकचा तंतूच नरम पडून कायमचा बसतो, त्याला उपाय नाही.

सुती दुपटं सुरुवातीला हाताला जरा कडक लागलं होतं. दर धुण्याला ते मऊ होत गेलं आणि आता घरातल्या सगळ्या कपड्यांत तेच हवंहवंसं वाटतं. मालिश-अंघोळीनंतर बाळाला त्यातच घेतात. वजन मात्र जास्त. अ‍ॅक्रिलिकला चारशे ग्रॅमच्या आसपास दोरा लागला, सुताला साडेपाचशे. ओलं झालं की ते फारच जड होतं आणि दोरीवर टांगलं तर स्वतःच्या भाराने लांबतं. आमचं तळहाताएवढं वाढलं होतं, आडवं पसरून वाळवायला लागल्यावर बरंचसं जागेवर आलं. जुलैत तर पंख्याखाली खुर्च्यांवर पसरूनही वाळायला दोन दिवस लागायचे. उशीच्या अभ्र्यात घालून मशीनमध्ये नीट पिळून घेतलं की बराच फरक पडतो. मिल्क कॉटन म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण असतं. ते वाईट नाही, पण घाम टिपायला निव्वळ सूत ते सूतच.

या दुपट्याच्या कडेला लाल दोरा घेतला होता, त्याचा रंग मात्र गेला. दुकानदाराने पक्का रंग म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं आणि पहिल्याच धुण्यात पांढऱ्या कोपऱ्यावर गुलाबी डाग पडले. बाळ जे तोंडात घालणार त्याचा रंग सुटतो याचा मला अजूनही राग आहे. गडद रंग घ्यायचा तर दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून आधी बघा. आणि सगळ्या गुंड्यांच्या कागदावरचा लॉट नंबर एकच आहे ना तेही तपासा, नाहीतर एकाच रंगात पट्टे दिसतात.

टोकांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. भाचीला दात यायला लागले तसं ती दुपट्याचा कोपराच चावते. प्रत्येक ठिकाणी वीतभर दोरा सोडून, बोथट जाड सुईने तो एकदा एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवला होता. दोन्ही दुपट्यांत एकही टोक अजून बाहेर आलेलं नाही. नुसती गाठ मारून कापलं तर चालत नाही, ती सुटतेच.

आणखी एक, आणि हे अगदी मनापासून सांगते. बाळ एकटं झोपलेलं असताना हे पांघरू नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटी पांघरुणं, उशा नकोत, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सही सांगते. आमच्याकडे दुपटं मांडीवर, कडेवर, गाडीत आणि जमिनीवर पालथं घालायला वापरतात, तेही कुणीतरी शेजारी असताना.

मैत्रिणीच्या बाळासाठी आता तिसरं दुपटं सुरू केलं आहे. सुती, सगळं एकाच फिकट रंगात, कडेला वेगळा रंग नाही. लांबी तेवढी १०० सेंटीमीटर धरली आहे, कारण भाचीचे पाय आताच ९० च्या बाहेर यायला लागलेत.