ग्नू स्टो आणि गिटवर डॉटफाइल्स, आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर ऑफिसचा लॅपटॉप बसला, बोर्ड गेला म्हणे. नवीन मॅक मिळाला, पण त्यावर माझा हात बसेपर्यंत अडीच दिवस गेले. एलियास (लांब कमांडींची छोटी नावं) आठवेनात, गिटचं (फायलींचे बदल जपून ठेवणारं टूल) कॉन्फिग कुठून कुठून उचललेलं देव जाणे, आणि पोर्ट अडवून बसलेली प्रोसेस मारायची ती एक ओळ मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवली होती ती काही केल्या सापडेना. त्याच आठवड्यात सगळ्या डॉटफाइल्स, म्हणजे नावाआधी टिंब असलेल्या सेटिंगच्या फायली, रेपोत (गिटच्या साठ्यात) टाकायला घेतल्या.

सेटअप साधा आहे. होम फोल्डरमध्ये डॉटफाइल्स नावाचं फोल्डर, आत झेडशेल, गिट, व्हिम, टीमक्स असे एकेका टूलचे कप्पे, वर प्रायव्हेट गिट रेपो. स्टो एवढंच करतं की कप्प्यातल्या फायलींच्या सिमलिंक (मूळ फायलीकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) होममध्ये जागच्या जागी लावून देतं. पर्लमधलं जुनं टूल आहे, मॅकवर ब्र्यू (होमब्र्यू) आणि उबंटूवर ॲप्ट या टूल बसवणाऱ्या प्रोग्रामने एका कमांडीत येतं. फाइल एडिट केली की थेट रेपोतलीच बदलते, वेगळं सिंक वगैरे काही नाही, हेच मला सगळ्यात जास्त आवडलं.

मध्ये दोन आठवडे शेमवा (chezmoi, याच कामाचं दुसरं टूल) पण वापरून पाहिलं. त्याचे टेम्प्लेट (मशीनप्रमाणे मजकूर बदलणारे साचे) भारी आहेत, पण ते लिंक न लावता कॉपी करतं, मी सवयीने होममधलीच फाइल बदलायचो आणि रेपोतली तशीच जुनी राहायची. घरचा आणि ऑफिसचा ईमेल वेगळा ठेवायला टेम्प्लेट हवे होते, तर ते काम गिटच्या इन्क्लूड-इफ या सेटिंगने फोल्डरप्रमाणे होतं, 2017 पासून आहे ते गिटमध्ये. मग परत स्टो.

आता माझा गाढवपणा. नवीन मशीनवर होममधलं, टूल्सच्या सेटिंगचं कॉन्फिग नावाचं फोल्डरच नव्हतं, आणि अशा वेळी स्टो एकेका फायलीची लिंक न लावता अख्ख्या फोल्डरचीच एक लिंक लावून मोकळं होतं. ट्री फोल्डिंग म्हणतात, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण वाचतंय कोण. झालं काय, त्यानंतर जे जे टूल तिथे आपली फाइल ठेवायचं ती सरळ माझ्या रेपोत येऊन पडायची, त्यात एका क्लाउड टूलची टोकनवाली (पासवर्डसारखी किल्ली असलेली) फाइल पण आली, आणि मी नेहमीसारखं गिट ॲड डॉट, कमिट, पुश करून, म्हणजे सगळे बदल न बघता नोंदवून सर्व्हरवर चढवून, झोपलो. तीन दिवसांनी भलतंच काही शोधताना दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. रेपो प्रायव्हेट होता म्हणून निभावलं, तरी टोकन लगेच रद्द केलं, कारण फाइल उडवून नवा कमिट केला तरी हिस्टरीत ती तशीच बसलेली असते. आता नो-फोल्डिंग ऑप्शन स्टोच्या आरसी (सेटिंगच्या) फायलीतच टाकलाय आणि गिट ॲड कायम पॅच मोडमध्ये, एकेक तुकडा बघून.

ॲडॉप्ट ऑप्शन पण जपून. होममध्ये आधीच खरी फाइल असेल तर स्टो अडून बसतं, ॲडॉप्ट दिलं की ती फाइल उचलून रेपोत आणतं आणि तिथली तुमची फाइल गेली. आधी कमिट, मग ॲडॉप्ट, मग डिफ (काय काय बदललं ते) बघायचा, हाच क्रम.

स्निपेट्स (लागणाऱ्या कमांडींचे तुकडे) आधी गिस्टवर, म्हणजे गिटहबच्या असे तुकडे ठेवायच्या सोयीवर, असायचे. सिक्रेट गिस्ट म्हणजे प्रायव्हेट नव्हे बरं का, लिंक असेल त्या कुणालाही उघडतं, टीममध्ये अर्ध्या लोकांना हे माहीत नव्हतं. आता रेपोतच एक मार्कडाउन फाइल आहे. तिथे नुसती कमांड लिहायची नाही, कुठल्या मशीनवर चालली आणि का लागली ते पण लिहायचं असा नियम केला, तो सेड या फायलीतला मजकूर बदलणाऱ्या कमांडीमुळे. मॅकच्या सेडला डॅश आय (फाइल जागेवरच बदलायचा ऑप्शन) नंतर बॅकअपचं एक्स्टेंशन लागतंच, नको असेल तर रिकामे कोट द्यायचे. तीच ओळ मी लिनक्स सर्व्हरवर पेस्ट केली, तर तिथल्या ग्नू सेडने त्या रिकाम्या कोटलाच स्क्रिप्ट मानलं आणि माझा बदलायचा पॅटर्न फाइलचं नाव समजून, अशी फाइलच नाही म्हणून ओरडायला लागलं. पाऊण तास मी पाथ तपासत बसलो होतो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली, टीममध्ये नवीन मुलगी आली तिला याच नोट्स दिल्या. पंधरा मिनिटांत मेसेज, "दादा, तिसऱ्या ओळीवरच अडकलंय." मी होमब्र्यूचा पाथ यूएसआर लोकल असा ठोकून लिहिला होता, जुन्या इंटेल मॅकवरून आलेला, आणि ॲपल सिलिकॉनवर होमब्र्यू ऑप्टमध्ये बसतं. माझ्या मशीनवर जुन्या फायलीत ते कधीच दुरुस्त झालेलं, म्हणून मला कळलंच नाही. आता तिथे पाथच नाही, ब्र्यू प्रिफिक्स कमांडीने विचारून घेतो. तिने अजून चार चुका काढल्या आणि स्वतःच दुरुस्त करून पाठवल्या.

गेल्या महिन्यात मशीन पुन्हा बदललं. रेपो क्लोन (उतरवून घेणं), ब्र्यू बंडल (ब्र्यूफाइल या यादीतली सगळी टूल बसवणं), स्टो, जेवून येईपर्यंत सगळं उतरलेलं. एसएसएच की (सर्व्हरवर लॉगिन करायची किल्ली) मात्र रेपोत ठेवत नाही, प्रत्येक मशीनवर नवीन काढतो. आणि टर्मिनलचा फाँट अजूनही हातानेच टाकतोय, ब्र्यूफाइलमध्ये घालायचा दर वेळी राहतो.