टीबीचे चार शनिवार

टीबीची माहिती द्यायला येणाऱ्या एका संस्थेचं माहितीपत्रक आमच्या इमारतीच्या मंडळाच्या खोलीत आलं तेव्हा मी आधी मागचं पान उघडलं. सवयच तशी आहे. 31 वर्षं महापालिकेच्या दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली. बाटली हातात आली की आधी एक्स्पायरी बघायची, आणि संस्था दारात आली की तिच्यामागे कोण उभं आहे ते. मागच्या पानावर गुळगुळीत कागदावर अकरा फोटो होते. वर मथळा, ‘आमचे तज्ज्ञ सल्लागार’. नावांपुढे एमडी, डीएनबी, एमपीएच, कुणाचं लंडन, कुणाचं अमेरिका. विश्वस्तांची नावं मात्र खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, फोटो नाहीत.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारीही लिहिणार आहे, आणि त्यातल्या एक-दोन त्यांनी अजून निस्तरायच्या आहेत.

काळाचौकीच्या आमच्या इमारतीत वर्षभरात टीबीचे तीन पेशंट निघाले. त्यातला एक माझा सख्खा भाचा, वय 22, जेवणाचे डबे पोचवतो. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढलं, म्हणून स्वारीने परस्पर गोळ्या बंद केल्या. मला कळलं दीड महिन्याने. मावशी सिस्टर आणि घरातच ही तऱ्हा. मंडळाच्या मीटिंगमध्ये मीच विषय काढला, की फुकटची रक्तदाब शिबिरं बास झाली, टीबीवर कुणीतरी नीट समजावणारं आणा. या संस्थेचे चार शनिवार ठरले. पैसे नाहीत, हॉल आणि चहा आमचा, बाकी सगळं त्यांचं.

तळमजल्यावर आमचे एक वकील राहतात, ट्रस्टची कामं करतात. त्यांना पत्रक दाखवलं तर त्यांनी फोटोंकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “ताई, हे अकराजण शोभेचे असू शकतात. कायद्याने जबाबदार असतात ते विश्वस्त.” आपल्याकडे 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा आहे. त्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या विश्वस्तांची नावं वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात परिशिष्ट एक नावाच्या नोंदीवर असतात. माणूस बदलला की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. सल्लागाराला यातलं काही नाही. त्याने हो म्हटलं की फोटो लागतो, आणि पुढे तो आला काय, न आला काय. वकिलांनी नोंदणी क्रमांक बघून दिला, तो बरोबर होता. मी माझ्या परीने डॉक्टरांची नावं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधली. तीही सापडली.

पण अकरातल्या एक बाई माझ्या ओळखीच्या निघाल्या. एकाच ओपीडीत आम्ही चार वर्षं काढलेली. फोन केला. “अगं, ते अजून माझा फोटो लावतात?” म्हणाल्या. “मी त्यांच्या मीटिंगला शेवटची गेले ती कोरोनाच्या आधी.” हा पहिला गुण मी तिथेच कापला. पत्रकातून फोटो काढून टाकायला फारसा खर्च येत नाही.

पहिल्या शनिवारी संचालक स्वतः आले. पन्नाशीचे, खादीचा कुर्ता, बोलणं गोड. प्रोजेक्टरवर इंग्रजी स्लाइड आणि तोंडाने ‘स्टेकहोल्डर’, ‘इम्पॅक्ट’ वगैरे. वेळ ठेवली होती पाचची. आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं. पाच पंचविसला निम्म्या बायका उठल्या, त्यांना वाटलं विषय आवडला नाही. मी उभी राहून सांगितलं, “सर, विषय चांगला आहे, पण पिंप रिकामं आहे.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढचे तिन्ही शनिवार बरोबर चारला सुरू झाले. हे कबूल करायला हवं. आणखी एक. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने तोंडावर विचारलं, “तुमचा पैसा कुठून येतो? औषध कंपनीचा आहे का?” संचालक गडबडले नाहीत. दोन कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा निधी आहे, त्यात औषधाची एकही नाही, असं सांगितलं आणि पुढच्या वेळी लेखापरीक्षणाचा अहवाल घेऊन आले. वकिलांनी तो चहा पिता पिता वाचला आणि मान हलवली. ते सहसा मान हलवत नाहीत.

दुसरा शनिवार एका पंचविशीच्या मुलीने घेतला आणि मला विचाराल तर संस्थेचं खरं भांडवल ही मुलगी आहे. गोवंडीकडची. पहिल्याच मिनिटाला म्हणाली, “मला स्वतःला टीबी झाला होता, कॉलेज सुटलं होतं.” हॉल गप्प. मग तिने पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली, थुंकीच्या नमुन्याची, आणि विचारलं, “यात काय द्यायचं?” कुणीतरी म्हणालं, थुंकी. “थुंकी म्हणजे लाळ नाही,” ती म्हणाली. “खोल श्वास घ्यायचा, छातीतून खोकायचं, बेडका आला पाहिजे. लाळ दिलीत तर टीबी असूनही रिपोर्ट चांगला येईल आणि तुम्ही पेढे वाटाल.” आमच्या ओपीडीत हे वाक्य आम्ही दिवसातून चाळीसदा बोलायचो, पण इतकं चांगलं कधी बोललो नाही. मग तिने गोळ्यांचं सांगितलं: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, डोस वजनाप्रमाणे. तिने हेही सांगितलं की त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही. मागे बसलेला माझा भाचा पटकन म्हणाला, “अरे, मला वाटलं कावीळ झाली!” म्हणजे गोळ्या बंद करण्यामागे नुसता आळस नव्हता. हे त्याने मला, घरच्या सिस्टरला, सांगितलं नव्हतं. त्या मुलीला सांगितलं, तेही चाळीस माणसांसमोर.

आता मुद्द्याचं सांगते. सरकारी कार्यक्रमात अशा बऱ्या झालेल्या माणसांना ‘टीबी चॅम्पियन’ म्हणतात, त्यांना प्रशिक्षण देऊन कामाला लावतात. या संस्थेच्या अकरा फोटोंत मात्र एकही असा माणूस नाही. ही मुलगी पगारी ‘फील्ड’वाली. ती सल्ला देत नाही, सल्ला पोचवते, अशी त्यांची मांडणी. मी संचालकांना विचारलं. “विचार चालू आहे,” म्हणाले. नोकरीत असताना वरच्यांकडून मी हे उत्तर बरंच ऐकलंय.

तिसरा शनिवार. सल्लागारांपैकी एक जण प्रत्यक्ष येणार होते, छातीचे डॉक्टर, निवृत्त, सत्तरीच्या पुढचे. मी मनाशी म्हटलं, हार-तुरे, दीप प्रज्वलन, वीस मिनिटं आणि गाडी. तर डॉक्टर लोकलने कॉटन ग्रीनला उतरून चालत आले, घामाघूम. पाणी प्यायले आणि म्हणाले, “आधी तुमचं पत्रक दाखवा, काय वाटलंय बघू.” पत्रक संस्थेचंच होतं, मराठीतलं, पहिल्या शनिवारी वाटलेलं. पहिल्याच दिवशी मला त्यातली एक ओळ खटकली होती आणि मी त्या गोवंडीच्या मुलीला तसं सांगितलंही होतं. ओळ होती, ‘टीबीची शंका असल्यास रक्ततपासणी करून खात्री करून घ्यावी.’ डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा वर केला, पुन्हा वाचली. खिशातून पेन काढून सगळ्यांसमोर आडवी रेघ मारली.

मग बसून समजावलं. टीबीच्या निदानासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) ज्या चाचण्या खासगी लॅबमध्ये सर्रास विकल्या जायच्या, त्यांच्या विरोधात जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये सल्ला दिला आणि 2012 मध्ये भारत सरकारने त्यांच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदीच घातली. आजार नसलेल्याला औषध आणि आजार असलेल्याला दिलासा, असा तो घोळ होता. आयग्रा नावाची रक्ततपासणी वेगळी. शरीरात जंतू शिरलाय का ते ती सांगते, आजार आहे का ते नाही. फुप्फुसाच्या टीबीसाठी बेडकाच, आणि तो सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅटच्या मशीनमध्ये. तिथे जंतू सापडतो आणि रिफॅम्पिसिनला तो दाद देईल की नाही हेही त्याच दिवशी कळू शकतं. मुंबईकरांना हे का कळायला हवं, तेही त्यांनी सांगितलं. 2012 च्या जानेवारीत देशभर बातमी झाली ती आपल्याच माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून. तपासलेल्या सगळ्याच औषधांना न जुमानणारा टीबी झालेले पेशंट डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी जगासमोर मांडले होते. ते सांगताना डॉक्टरांनी भाच्याकडे एकदाही बघितलं नाही. मी बघितलं. तो नखं खात होता. (त्याची मशीनची तपासणी पुन्हा झाली आहे. औषधं अजून चालतात. सुटला.)

नंतर मी डॉक्टरांना एका बाजूला घेऊन विचारलं, “सर, छापायच्या आधी तुम्हाला दाखवलं नव्हतं?” “सिस्टर,” ते म्हणाले, “मला मजकूर इंग्रजीत आला होता. तो बरोबर होता. मराठीत कुणी केला, मला ठाऊक नाही.” इंग्रजीत काय होतं माहीत नाही, पण मराठीत रक्त आलं. आमची माणसं मराठीच वाचणार. अकरा सल्लागारांत छापलेला मराठी कागद शेवटी वाचायचं काम कुणाकडेच नव्हतं. आठ दिवसांत नवीन पत्रक आलं, ओळ दुरुस्त, आणि मी बडबडले होते म्हणून अक्षरही मोठं. त्याचा पूर्ण गुण देते.

चौथ्या शनिवारी आहारतज्ज्ञ बाई. सल्लागार मंडळातल्याच. सुरुवात बदाम, पनीर, ग्रीक योगर्ट अशी झाली आणि माझ्या शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. सरकार निक्षय पोषण योजनेत पेशंटच्या खात्यात महिन्याला 1000 रुपये टाकतं, नोव्हेंबर 2024 पर्यंत तर 500 च होते. काकूंनी विचारलं, “त्यात बदाम किती दिवस पुरतील?” बाई हुशार. हसल्या, हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, “सांगा, तुमच्याकडे काय शिजतं?” पुढचा पाऊण तास अंडी, शेंगदाणे, चवळी, तूरडाळ, नाचणी आणि सुका जवळा. जवळ्यावर हॉलमध्ये जो वाद पेटला तो टीबीवर नव्हता, कांदा आधी की जवळा आधी यावर होता. बाईंनी तोही ऐकून घेतला. झारखंडमधल्या अभ्यासाबद्दलही त्यांनी सांगितलं, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला. पेशंटच्या घरच्यांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. तांदूळ आणि डाळच. काकू म्हणाल्या, “मग हे आधी सांगायचं ना, बदाम कशाला काढले?”

आता जी तक्रार अजून उभी आहे ती. पत्रकाच्या तळाशी समुपदेशनाचा नंबर दिला आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मी तीन वेगवेगळ्या दिवशी लावला. दोनदा वाजून वाजून बंद झाला, एकदा कुणीतरी उचलून “मॅडम लंचला गेल्यात” म्हणालं, पावणेचार वाजता. गोळ्यांनी मळमळणारं माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही, ते गोळीच सोडतं. संचालकांना सांगितलं आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं आहे. पाण्याची वेळ वहीतून प्रत्यक्षात आली होती, बघू हे येतं का.

पाचपैकी साडेतीन देते. तुमच्या इमारतीत बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण त्या मुलीलाच मागा आणि छातीच्या डॉक्टरांची तारीख आधी पक्की करून घ्या. वेळ तुमच्या पाण्याप्रमाणे सांगा. पत्रकं वाटायच्या आधी कुणा जाणत्या माणसाला मराठीतून वाचायला द्या.

आमची दुसरी बॅच गणपतीनंतर आहे, शेजारच्या दोन इमारती धरून. चहा आमचा, पत्रकं त्यांची. तोवर त्यांचा फोन लागला नाही तर मी दुसऱ्या मजल्यावर आहे, दुपारी दोन ते चार सोडून.