गोल फिशआय की पूर्ण फ्रेमचा? फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी ८ मिमी आणि १५ मिमी

फिशआय म्हणजे अतिशय रुंद कोन पाहणारी, सरळ रेषा वाकवून दाखवणारी लेन्स; फुल-फ्रेम म्हणजे ३६×२४ मिमी सेन्सरचा कॅमेरा. दोन्ही लेन्स १८० अंश पाहतात, पण ८ मिमीची प्रत्येक दिशेने, तर १५ मिमीची फक्त कर्णावर. १५ मिमीचे चित्र पूर्ण फ्रेम भरते, ८ मिमीचे मात्र सेन्सरवर गोल पडते आणि ते वर्तुळ साधारण २३ मिमी व्यासाचे असते. म्हणजे २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम ११ कामी येतात, बाकी काळे. मोठी प्रिंट काढायची असेल तर १५ मिमीच घ्या.

घुमटाखाली किंवा झाडीत कॅमेरा जमिनीवर ठेवून भिंग थेट वर रोखायचे असेल, तर मात्र ८ मिमीला तोड नाही. एफ/८ ला (हे छिद्राचे माप) फोकस ३० सेंमीवर लावला की सुमारे १५ सेंमीपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. १५ मिमीला अनंतापर्यंत स्पष्ट येण्यासाठी फोकस जवळजवळ १ मीटरवर लावावा लागतो.

८ मिमी फसते ते मीटरिंगमध्ये, म्हणजे कॅमेरा प्रकाश मोजतो तेव्हा. काळ्या कोपऱ्यांमुळे कॅमेरा दृश्य अंधारे समजतो आणि आकाश पांढरे पडते. एक्स्पोजर (सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते) मॅन्युअलवर ठेवा. कॅमेरा आडवा धरला तर ट्रायपॉडचे पाय आणि तुमचे बूटही फ्रेममध्ये येतात, म्हणून सेल्फ-टायमर लावून मागे सरका. पुढचे भिंग फुगीर असल्याने फिल्टर लागत नाही. ओरखड्यांपासून वाचवायला टोपण हाताशीच ठेवा.

एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८ मिमीचे वर्तुळ वरखाली कापले जाते. तिथे ४.५ मिमी हवी.