टँकमध्ये क्लीनरची बाटली, महागडं पेट्रोल की साधंच बरं?

सर्व्हिसवाला बिलात फ्युएल क्लीनर घुसडतो आणि पंपावरचा पोरगा विचारतो पॉवरवालं टाकू का. ठरवायच्या आधी आपली गाडी एमपीआय (मल्टी-पॉइंट इंजेक्शन) आहे की टीएसआय, टी-जीडीआयसारखी डायरेक्ट इंजेक्शनवाली ते बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. एमपीआयमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतं, त्यामुळे त्यात डिटर्जंट असला तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) पण धुतला जातो आणि व्हॉल्व्ह पण. डायरेक्टमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्हला शिवतच नाही, म्हणून तिथला कार्बन टँकमध्ये काहीही ओता, जागचा हलत नाही, तो उघडून खरवडावा लागतो नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा चुरा मारून काढतात. इंजेक्टरचं टोक तेवढं साफ होतं.

बाटली घ्यायचीच तर पीईए म्हणजे पॉलिइथरअमाइनवाली घ्या, ती जुना जमलेला थर काढते. लेबलवर नुसतं ‘पॉवर, मायलेज’ आणि आत काय त्याचा पत्ता नाही, ती राहू द्या. एक्सपी९५, स्पीड वगैरे महागड्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट थोडा पण रोजचा, म्हणजे नवीन घाण जमू न देणं हे त्याचं काम. पण लिटरला ८ रुपये जास्त धरले तर ३५ लिटरच्या टँकला २८० रुपये, दर वेळी! आणि गाडी ९१ ऑक्टेनसाठी (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉक न होता किती दाब सोसतं त्याचा आकडा) बनलेली असेल तर वरच्या ऑक्टेनचा उपयोग शून्य.

मायलेजचं म्हणाल तर इंजेक्टर खरंच चोंदला असेल तर गेलेलं परत येतं, धड इंजिनात वाढत बिढत काही नाही. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे पडलेलं तर विसराच, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी, ती बाटलीतून कुठून येणार?

पीयूसीला पण तेच, इंजेक्टर नीट फवारत नसेल तर सीओ-एचसी (कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन) खाली येईल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) गेला असेल तर नाही. मँगनीज किंवा फेरोसीनवाले ऑक्टेन बूस्टर मात्र लांबच ठेवा, प्लगवर थर बसवतात.

माझं मत, एमपीआय गाडी, रोजचं शहरातलं रडतखडत ट्रॅफिक, तर साधं पेट्रोल आणि वर्षातून एकदा पीईए, तेही ऑइल बदलायच्या जरा आधी, कारण सुटलेली घाण थोडी ऑइलमध्येही उतरते. डायरेक्टवाल्यांनी बाटलीचे पैसे साठवून व्हॉल्व्ह क्लीनिंगला ठेवा.