पूर्ण वळसा की एकच काठ? तळ्याकाठची पायवाट मागण्याआधी

पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तुमच्या सोसायटीने त्यात ‘तलावाकाठी वॉकिंग-सायकल ट्रॅक करावा’ असा एका ओळीचा अर्ज टाकायचं ठरवलं असेल, तर जरा थांबा. त्या ओळीत बरेच निर्णय दडलेले आहेत. ते तुम्ही घेतले नाहीत, तर ठेकेदार घेईल.

पहिला वाद वळशाचा. रोज फिरणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ट्रॅक गोल हवा. आलो त्याच वाटेने परत जायचा कंटाळा येतो, शिवाय ‘आज दोन राउंड झाले’ असा हिशेब मांडता येतो. मीही कैक वर्षं गोलाच्याच बाजूचा होतो. पाषाण तलावावर जायला लागलो आणि मत फिरलं. रामनदी अडवून झालेलं हे तळं. अशा कुठल्याही तळ्यात बांधाकडे पाणी खोल आणि मोकळं असतं. नदी जिथून आत शिरते तिथे ते उथळ. गाळ, पाणकणीस, गवत सगळं तिकडेच. पक्षीही अर्थातच तिकडेच. पूर्ण वळसा घ्यायचा म्हणजे नेमक्या याच टोकावरून भराव टाकून किंवा पूल बांधून जायचं. खर्चाचा मोठा वाटा तिथे जातो आणि जे बघायला माणसं येणार तेच तिथून उठतं. हळदी-कुंकू बदकं माणूस जवळ आला की उडतात. एकाच काठावर वर्दळ असेल तर ती समोर जाऊन बसतात. चारही बाजूंनी माणसं असली तर जाणार कुठे?

एकाच काठाने दीड किलोमीटर वाट केली, तरी जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात. साध्या चालीने पस्तीस-चाळीस मिनिटं. सकाळच्या फेरीला आणखी किती लागतं? दोन्ही टोकांना दोनच फाटकं, म्हणजे राखणही सोपी. कंटाळ्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही.

वाट न काढता तळं कुंपणाच्या आत घेणं, हा आणखी एक मार्ग. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तळं बांधून तिथलं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. आज कात्रजचं तळं राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. तिकीट, ठरलेल्या वेळा, बुधवारी बंद. काठ शांत राहतो, पण सकाळी सहाला बूट घालून निघणाऱ्याच्या ते काय कामाचं? दुसरं टोक खडकवासल्याच्या चौपाटीचं. गाड्या थेट पाण्यापर्यंत आल्या की काय होतं, ते रविवारी संध्याकाळी कणीस खात उभं राहून बघावं.

पाण्यालगत की पाण्यापासून मागे? चित्रात पाण्यालगतची वाट देखणी दिसते. प्रत्यक्षात पावसाळ्यात पातळी चढते, काठ ढासळतो, मग संरक्षक भिंत लागते आणि बघता बघता भिंतच मुख्य काम होऊन बसते. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत कमाल पूरपातळीच्या दहा वर्षांच्या सरासरीपासून ५० मीटरपर्यंत पक्क्या बांधकामाला मनाई आहे. मात्र पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांतून वगळले आहेत, त्यामुळे आपलं तळं कशात मोडतं हे आधी विचारा. नियम लागू नसला तरी मी वाट मागेच, झाडांच्या सावलीतून नेईन आणि दोन-तीन ठिकाणी पाण्यापर्यंत छोटे फाटे काढीन.

वाटेच्या पृष्ठभागाबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि नंतर सगळ्यात जास्त चिडतात. रोलर फिरवून दाबलेला मुरूम गुडघ्यांना सोसतो आणि पाणी थोडंफार जिरू देतो. पण बाजूला चर नसेल तर जुलैत त्याचा राडा होतो, आणि दरवर्षी दिवाळीआधी पुन्हा मुरूम टाकून रोलर फिरवावाच लागतो. पेव्हर ब्लॉक उद्घाटनाच्या दिवशी झकास दिसतात. सावलीत त्यांच्यावर शेवाळ धरतं, आणि खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन-तीन वर्षांत ब्लॉक दातांसारखे वरखाली. काँक्रीट टिकतं, पण तापतं आणि पायाला कडक लागतं. माझी निवड: बहुतेक वाट मुरमाची, फाटकापासून पहिल्या बाकांपर्यंतचा तुकडा काँक्रीटचा, खरखरीत, व्हीलचेअर आणि काठीवाल्या आजी-आजोबांसाठी. त्याचा चढ वीसास एकपेक्षा जास्त नको.

सायकली आत घ्यायच्या का? ताशी पंधरा किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला चार मीटर कापते, आणि समोर तिघी मैत्रिणी गप्पा मारत आडव्या चाललेल्या असतात. वाट तीन मीटर रुंद आणि वळणांवर नजर पोहोचणारी असेल तरच एकत्र. दोन मीटरच मिळत असेल तर सायकल फाटकापाशी लावायची. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात हे लिहायला जड जातं. लहान मुलांच्या सायकलींना अर्थात कोण अडवणार.

आणि दुचाकी. आराखड्यात फाटकाशी खांब दाखवलेले असतात, त्यांनी आपण निर्धास्त होतो. व्हीलचेअर जायला साधारण नव्वद सेंटीमीटर जागा सोडावी लागते, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात निघते. खांब मोटार अडवतात, स्कूटर नाही. खांब जवळ आणले तर व्हीलचेअर बाहेर राहते. फिरतं फाटक बसवलं तरी तेच. स्कूटर अडवायला माणूसच लागतो, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत, आणि त्याचा पगार बांधकामाच्या रकमेत बसत नाही. अर्जात तो वेगळा मागा, खांबांच्या आधी.