छापील हमीपत्र की काकूंचा शब्द?

मुलुंडला लेकीसाठी पाळणाघर शोधताना शेवटी दोन पर्याय उरले. एक, आमच्याच सोसायटीतल्या काकू. सहा मुलं सांभाळतात, कागद-बिगद काही नाही. दुसरं, स्टेशनजवळचं एका साखळीचं डे-केअर. तिथे प्रवेश अर्जासोबत पाच पानी हमीपत्र, आणि त्यात ठळक अक्षरांत, 'कोणत्याही इजेस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' नवरा म्हणाला, काकूच बऱ्या, निदान आधीच हात तरी झटकत नाहीत.

मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या ओळीचा जेवढा धाक वाटतो, तेवढा तिच्यात जोर नाही. भारतीय करार कायदा 1872 मधला. त्याच्या कलम 28 नुसार, दाद मागायची वाटच बंद करणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल. गुन्ह्याचं तर बोलायलाच नको. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण टीव्हीवर पाहून आपण सगळेच हादरलो होतो. ताब्यातल्या मुलाला मारहाण किंवा हेळसांड झाली, तर बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 75 लागतं. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आईबापांनी कशावरही सही केलेली असो.

भरपाईसाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. पैसे मोजून घेतलेली सेवा, म्हणून तो दोघांनाही लागू. काकूंकडे पावतीपुस्तक नसलं तरी दरमहा यूपीआयवर पाठवलेले पैसे हा पुरावाच. साखळीच्या कागदात 'वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' असंही एक कलम होतं. त्यालाही दबायचं कारण नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत, एवढंच लक्षात ठेवायचं.

मग फरक कुठे? एक तर वसुलीत. डे-केअरला विमा आहे का, असं मी सरळ विचारलं, आणि तुम्हीही विचारा. काकूंचा विमा नाही. उद्या खरंच काही घडलं, तर त्यांच्याकडून पैसे घेववतील का, हा प्रश्न कायद्याचा नाहीच.

दुसरा फरक हमीपत्राच्या उरलेल्या चार पानांत आहे, जी कोणी वाचत नाही. आमचा फोन लागला नाही तर कोणत्या हॉस्पिटलात न्यायचं आणि उपचार सुरू करायला आमची संमती, कसली ॲलर्जी आहे, मुलीला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं, औषध द्यायचं तर ते आम्ही लिहून दिल्यावरच. ही पानं सही करण्यासारखी आहेत. काकूंकडे नेमकं हेच नव्हतं. अंगावर जबाबदारी घेणारं माणूस होतं, पण ती पार कशी पाडायची ते ठरलेलं नव्हतं.

उलट उशिराच्या कलमात साखळी हरली. 'सायंकाळी 7 नंतर मूल पालकांच्या जबाबदारीवर.' मूल आत, पालक लोकलमध्ये, मग जबाबदारी नक्की कोणाच्या कडेवर? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला होता. तेवढा कशाला, कुर्ला-शीवला रुळांवर पाणी भरलं की मुलुंडची गाडी कधी येईल ते रेल्वेही सांगत नाही. मी ते वाक्य बदलून मागितलं. जास्तीचे पैसे घ्या, पण कोणी येईपर्यंत मूल तुमच्याच देखरेखीत, असं लिहा म्हटलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे. काकू म्हणाल्या, अगं, आमच्यात वरणभात जेवेल नि झोपेल.

ऑफिसच्या पाळणाघराचा विचार एका वाक्यात संपला. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक झालं, आईला दिवसातून 4 वेळा भेटताही येतं, पण सकाळच्या गर्दीत दीड वर्षाचं मूल घेऊन लोकलमध्ये चढणार कोण?

मुलाला फिट येत असतील, रोज मोजून औषध असेल, तर मी म्हणेन डे-केअरच घ्या, आणि ती ठळक ओळ खोडून बघा, जमली तर जमली. आमच्या लेकीचं तसं काही नाही. मी काकूंना निवडलं आणि ती चार पानं एका पानावर उतरवून त्यांच्याकडे नेली. वाटलं, वाईट वाटेल त्यांना. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "सगळं लिहिलंस, पण तापाचं औषध किती एमएल ते राहिलं की."